आपल्या समाजाचे आरोग्य : काही कारणे व काही कर्तव्ये

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या मेळाव्यात दरवर्षी राणी दुर्गावतीच्या शौर्याविषयी बोलले जाते, चांदागडच्या राजांनी बांधलेल्या कोटांविषयी व तलावांविषयी बोलले जाते, १८५८ साली फासावर गेलेल्या वीर बाबूराव शेडमाके यांचे स्मरण केले जाते. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, उपवर मुलामुलींची सूची सिद्ध होते आणि सर्वांची गाठभेट होऊन मेळावा संपतो. हे सर्व उचितच आहे. यंदा चालकांनी आम्हांस समाजाच्या आरोग्याविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा केली. विषय काहीसा रुक्ष आहे, काही ठिकाणी तो नाजूकही आहे. तथापि ज्या समाजात पाळणे लवकर रिकामे होतात, त्या समाजाने हा विषय टाळून चालावयाचे नाही, अशी आमची धारणा आहे.

आपल्या लोकांत रोगराई अधिक का, असा प्रश्न निघाला म्हणजे तीन प्रकारची उत्तरे ऐकू येतात. घरातील वृद्ध म्हणतात, देव कोपला, कोणाची करणी झाली, नशिबात होते. बाहेरचे सुशिक्षित म्हणतात, हे लोक अज्ञानी आहेत, दवाखान्यात येत नाहीत, त्यास कोण काय करणार? आणि अलीकडे तिसरे उत्तर निघाले आहे की, दोष यांच्या रक्तातच आहे. या तिन्ही उत्तरांत एक समान खोड आहे. ती ऐकणाऱ्याचे हातपाय गळतात. नशीब, अज्ञान आणि रक्त या तिन्हींपुढे माणसाचे काही चालत नाही असे आपण मानतो. आम्हांस आज इतकेच सांगावयाचे आहे की, आपल्या रोगांची कारणे पुष्कळ अंशी ठाऊक झाली आहेत. ती अन्नात आहेत, पाण्यात आहेत, दवाखान्याच्या अंतरात आहेत आणि एका रोगापुरती ती खरोखरच रक्तात आहेत. परंतु त्या रक्तातील कारणावरही उपाय आहे, आणि त्या उपायाची किल्ली शासनापेक्षा अधिक आपल्या या मंडळाच्या हाती आहे.

प्रथम परिस्थितीचे यथार्थ स्वरूप पाहू. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे १ कोटी ५ लाख, म्हणजे शेकडा ९.३५ होती, सबंध भारतात ती १० कोटी ४३ लाखांच्या घरात होती. एवढ्या मोठ्या लोकसंख्येच्या आरोग्याचा स्वतंत्र विचार करण्यासाठी केंद्र शासनाने २०१३ साली डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली एक तज्ज्ञ समिती नेमली. तिचा अहवाल २०१८ साली सादर झाला. त्या अहवालाप्रमाणे आदिवासी माणसाचे सरासरी आयुर्मान ६३.९ वर्षे, तर इतरांचे ६७ वर्षे होते. देशाच्या लोकसंख्येत आदिवासींचा वाटा शेकडा ८ च्या आसपास असता हिवतापाच्या रुग्णांत तो शेकडा ३० होता, आणि हिवतापाने होणाऱ्या मृत्यूंत तर निम्मा होता. क्षयरोगाचे प्रमाण इतर लोकांत दर लाखामागे २५६ असता आदिवासींत ७०३ आढळले. आकडे निर्जीव असतात असे म्हणतात. पण हे आकडे ज्या घरांतून गोळा झाले, त्यांत आपलीही घरे आहेत.

आता अन्नाचा विचार करू. आपले पूर्वज केवळ भातावर जगत नव्हते. कोदो, कुटकी, नाचणी, ज्वारी ही धान्ये होती. रानातील भाज्या, कंद, बांबूचे वास्ते, मोहफूल, चारोळी, टेंभरे, नदीनाल्यांतील मासे आणि शिकार यांनी ताट भरत असे. जंगल हे आपले कोठार होते. १८७८ च्या व त्यानंतर १९२७ च्या वन कायद्याने त्या कोठाराच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हाती गेल्या. पुढे जंगल तुटले, विरळ झाले, साग लावण्यासाठी मिश्र वृक्ष तोडले गेले, आणि आपल्या घरी तांदळाचा भात व पातळ वरण एवढेच उरले. पुष्कळ घरी वरणही रोज नसते. पोट भरते, पण अंगास लागत नाही. प्रथिने कमी, लोह कमी, तेल-तूप कमी. अशा आहारावर वाढलेली मुलगी अठराव्या वर्षी, कधी त्याहीपूर्वी, संसारास लागते, गरोदरपणी शेवटच्या दिवसापर्यंत रोवणीच्या चिखलात उभी राहते आणि तिच्या पोटी दोन किलोचे मूल येते. त्या मुलास पुढे जुलाब झाले वा छाती भरली, तर त्याच्या अंगात झुंजण्याचे बळ कोठून येणार? त्यात कुटुंब कामासाठी परगावी गेले की अंगणवाडीचा आहारही सुटतो आणि लसही चुकते. मेळघाटातील कोरकू बांधवांच्या बालमृत्यूंची बातमी १९९३ साली वृत्तपत्रांतून गाजली, तेव्हा लोकांनी त्यास भूकबळी म्हटले, अधिकाऱ्यांनी त्यास न्यूमोनिया म्हटले. दोन्ही पक्ष एकाच दोरीची दोन टोके धरून ओढत होते. अर्धपोटी राहिलेल्या मुलास साधा रोगही पुरतो, आणि रोगाने खंगलेले मूल अन्न घेत नाही, हेच खरे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावरील सामूहिक हक्क पुनः मागता येतो. आपल्याच गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाने तो २००९ साली मिळवून दाखविला. वनहक्काचा दावा हा महसुली कागद वाटतो. वस्तुतः तो आरोग्याचाही कागद आहे. ज्या गावास आपला बांबू, आपला मोह व आपली चारोळी राखता येते, त्या गावाच्या ताटात चार पदार्थ अधिक पडतात.

आपल्यापैकी जी कुटुंबे नोकरीनिमित्त नागपूर, चंद्रपूर, गोंदिया अशा शहरांत आली, त्यांना वाटेल की हे दुखणे मागे राहिलेल्या गावाचे आहे. तसे समजणे बरोबर होणार नाही. अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात गिला नावाच्या नदीकाठी पिमा नावाचे मूळनिवासी लोक राहतात. आपल्या भाषेत ते स्वतःस नदीचे लोक म्हणवितात. शेकडो वर्षे कालवे काढून त्यांनी मका, घेवडा व भोपळा पिकविला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या अंगास वसलेल्या नव्या वसाहतवाल्यांनी नदीचे पाणी वळविले, शेती सुकली, आणि पुढे हे लोक मैदा, साखर व चरबी अशा शिध्यावर आले. विसाव्या शतकात मधुमेहाचे प्रमाण जगात अत्यंत अधिक कोठे, याचा शोध घेणाऱ्या वैद्यांची दृष्टी याच लोकांवर स्थिरावली. तशीच एक जमात सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगरांत जुन्या रीतीने कष्ट करून राहत होती, तिच्यात तो रोग पुष्कळच कमी आढळला. रक्त जवळचे, पण ताट वेगळे आणि मेहनत वेगळी. यावरून शहरातील आपल्या कुटुंबांनी बोध घ्यावा. नोकरी लागली, चालणे सुटले, पाकिटातील तळीव पदार्थ मुलांच्या हाती आले. उपरोक्त समितीच्या अहवालात प्रौढ आदिवासींपैकी चौघांत एकास रक्तदाबाचा विकार असल्याची नोंद आहे. गरिबीचे रोग अजून गेले नाहीत, तोच सुखवस्तूंचे रोग दारात येऊन उभे राहिले आहेत.

आणि खऱ्र्याविषयी न बोलावे तर सत्याशी प्रतारणा होईल. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला हा पदार्थ आपल्या पूर्व विदर्भात म्हाताऱ्यापासून शाळकरी पोरापर्यंत सर्वांच्या गालात असतो. भूक मारण्यासाठी मजूर तो खातो, लग्नाच्या मांडवात पाहुण्यास तो मानाने देतात. त्याने तोंड उघडेनासे होते आणि पुढे कर्करोग होतो. मोहाच्या दारूचे तसेच. देवकार्यात द्रोणभर मोहाची वाहण्याची रीत आपल्या पूर्वजांची होती. रोज संध्याकाळी मजुरीचे पैसे गुत्त्यावर मोजण्याची रीत त्यांची नव्हती. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी लागू आहे, आणि ती स्त्रियांच्या चळवळीमुळे झाली, हे आपल्या बहिणींस भूषणास्पद आहे. तिची अंमलबजावणी मात्र गावाने मनावर घेतल्यावाचून होत नाही.

आता बालमृत्यूचा विचार. कारण त्यातच आशेचे स्थान आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोलीत काम सुरू केले. १९९३ च्या सुमारास त्यांनी पाहणी केली तेव्हा दर हजार जन्मांमागे सुमारे ६२ बालके पहिल्या महिन्याच्या आतच दगावत होती. त्यांनी ३९ गावांत गावातीलच थोडेफार शिकलेल्या स्त्रिया निवडून त्यांना शिक्षण दिले. त्या बाळंतिणीच्या घरी जात, बाळाचे वजन करीत, त्यास उबेत ठेवावयास सांगत, आईचे पहिले चिकाचे दूध पाजावयास लावीत, श्वास मोजीत, आणि जंतुदोषाची लक्षणे दिसताच औषध देत. तीन वर्षांत त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी २५ च्या आसपास आले. जेथे हे काम नव्हते अशा शेजारच्या गावांत ते ६० च्या जवळच राहिले. १९९९ साली ही हकीकत ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली, आणि २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत हीच रीत देशभर नेण्यात आली. बंधूंनो, हे काम गावातल्या बायकांनी केले आहे. ज्यांस अज्ञानी म्हणून हिणवले जाते, त्याच लोकांच्या घरांतून जगास शिकविणारी गोष्ट निघाली.

यावरून दुसऱ्या उत्तराचा, म्हणजे अज्ञानाच्या आरोपाचाही निकाल लागतो. लोक दवाखान्यात येत नाहीत हे अंशतः खरे आहे. पण दवाखाना तरी लोकांकडे किती येतो? शासनाच्या नियमानुसार डोंगरी व आदिवासी भागात ३,००० वस्तीस एक उपकेंद्र आणि २०,००० वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. कागदावर हे ठीक आहे. परंतु विरळ वस्तीच्या मुलखात ३,००० माणसे दहा-पंधरा गावांत विखुरलेली असतात, मधे नाले असतात, आणि पर्लकोटेस पूर आला म्हणजे भामरागडची वाट बंद पडल्याचे आपण कितीदा ऐकले आहे. दवाखान्यात पोहोचल्यावरही डॉक्टर मराठी बोलतो आणि म्हातारी गोंडी अथवा माडिया बोलते. कोठे दुखते हे सांगता आले नाही तर औषध काय लागू पडणार? १९७३ साली हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाचे काम सुरू झाले, तेव्हा डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांना आधी माडिया भाषा शिकावी लागली आणि मग लोक हळूहळू येऊ लागले. म्हणून आपल्या मुलांनी डॉक्टर व्हावे, परिचारिका व्हावे आणि गोंडी विसरू नये, हा आग्रह आम्ही केवळ अभिमानापोटी धरीत नाही.

हिवतापाचा उल्लेख वर आलाच आहे. दाट जंगल, वाहते ओढे व पावसाळ्यातील साचलेले पाणी यांमुळे गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात तो ठाण मांडून बसला आहे. औषधी मच्छरदाणी, ताप येताच बोटातील रक्ताची तपासणी आणि औषधाचा पुरा डोस, हे त्यावरचे साधे उपाय आहेत. पण हिवतापाविषयी आम्ही अधिक थांबतो ते वेगळ्याच कारणाने. याच हिवतापाने हजारो वर्षांपूर्वी आपल्या रक्तावर एक खूण उमटविली, आणि तीच आजच्या भाषणाचा मुख्य विषय आहे. ती खूण म्हणजे सिकलसेल.

निरोगी माणसाच्या रक्तातील तांबडी पेशी चकतीसारखी वाटोळी व लवचीक असते. सिकलसेलच्या रुग्णात प्राणवायू कमी पडताच ती विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, रक्ताचा प्रवाह थांबतो आणि हाडे मोडल्यासारख्या वेदना उठतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही पेशी दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी, डोळे पिवळे, अंगात जोर नाही. बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत काही कळत नाही. मग हातापायांस सूज येते, वारंवार ताप येतो, प्लीहा वाढते. मोठेपणी खुब्याचे हाड झिजते, पायावर न भरणाऱ्या जखमा होतात, कोणास अर्धांगवायू होतो. किती घरांत असे मूल ‘सदाचे दुखणाईत’ म्हणून, अथवा करणी झाली म्हणून, अंधाऱ्या कोपऱ्यात निजून राहिले असेल!

या रोगाचे प्रथम वर्णन १९१० साली शिकागो येथे डॉ. हेरिक यांनी केले. १९४९ साली लायनस पॉलिंग यांनी दाखविले की, दोष हिमोग्लोबिन या द्रव्याच्या घडणीत आहे, आणि १९५७ साली इंग्रॅम यांनी ती चूक नेमकी कोठे आहे हे शोधून काढले : त्या द्रव्याच्या लांब साखळीतील एकच कडी बदललेली असते. भारतात हा विकार १९५२ साली निलगिरीच्या पहाडी जमातींत आढळला, आणि १९५८ साली शुक्ल व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी निबंध प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात पुढे झालेल्या पाहण्यांत भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा काही जमातींत वाहकांचे प्रमाण शेकडा २० ते ३५ पर्यंत असल्याचे दिसून आले. काही जमातींत ते नगण्य आहे. हा केवळ आदिवासींचा रोग नव्हे. विदर्भातील इतर समाजांतही तो आहे.

ही खूण आपल्यात आली कशी? १९५४ साली ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखविले की, ज्याच्याकडे हा दोष एकाच बाजूने, म्हणजे आईकडून किंवा बापाकडून, आलेला असतो, त्यास हिवतापाचा घातक प्रकार सहसा मारीत नाही. हिवतापाच्या मुलखात असे वाहक जगले, त्यांची मुले जगली आणि ती खूण वाढत गेली. तेव्हा ज्यास आज आपण दोष म्हणतो, ती आपल्या पूर्वजांस जंगलात तगवून धरणारी ढाल होती. तिची लाज बाळगण्याचे काहीच कारण नाही. पण त्या ढालीची किंमत असते, आणि ती किंमत दोन्हीकडून दोष आलेले मूल भरते. त्यास हिवतापापासून संरक्षण नाही. उलट हिवताप त्यास अधिकच घातक ठरतो.

येथे वाहक आणि रुग्ण यांतील भेद नीट समजून घ्यावा. दोष एकाच बाजूने आलेला तो वाहक. तो आजारी नसतो, शेत करतो, नोकरी करतो, म्हातारा होतो. दोन्ही बाजूंनी दोष आलेला तो रुग्ण. वाहकाचे लग्न निर्दोष व्यक्तीशी झाले तर एकही मूल या रोगाचे रुग्ण होत नाही. सुमारे निम्मी वाहक होतील एवढेच. दोन्ही वाहक असतील तर प्रत्येक खेपेस रुपयात चार आणे संभव रुग्ण मुलाचा, आठ आणे वाहकाचा व चार आणे निर्दोष मुलाचा असतो. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तीन सुटली, असा याचा अर्थ नाही. दर खेपेस फासा नव्याने पडतो.

आता हिशेब पाहा. ज्या समाजात शंभरांत वीस वाहक आहेत, तेथे न पाहता जुळविलेल्या शंभर विवाहांपैकी सुमारे चार विवाह वाहक-वाहकांचे होतील. जेथे शंभरांत तीस आहेत, तेथे नऊ. उरलेल्या नव्वदांहून अधिक विवाहांत वाहक-वाहकांची गाठच पडत नाही. केवढी लहान गोष्ट आहे ही! शंभरांतील चार किंवा नऊ जोड्या आधी ओळखल्या तर पुढच्या पिढीतील पुष्कळ यातना टळतील.

आपल्यात विवाह जुळविताना पहिला प्रश्न देवांचा असतो. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे; समान देवांत सोयरीक होत नाही. हा नियम मोडण्याची कोणाची छाती नाही. पूर्वजांनी रक्ताचा विचार करूनच तो घातला असावा असे मानणारे पुष्कळ आहेत. परंतु सिकलसेल देवसंख्या पाहत नाही. तो सर्व देवांच्या घरी आहे. शिवाय मामाच्या वा आत्याच्या घरी सोयरीक करण्याची जी आपली आवडती चाल आहे, तीत आजा-आजीपैकी एकाकडून आलेला दोष दोन्ही बाजूंनी उतरण्याचा संभव वाढतो. म्हणून देवांच्या प्रश्नाजवळच हा दुसरा प्रश्न ठेवावा, अशी आमची विनंती आहे : चाचणी झाली आहे काय?

चाचणी कठीण नाही. बोटातील थेंबभर रक्ताने प्राथमिक तपासणी होते. तीत दोष दिसला तर इलेक्ट्रोफोरेसिससारख्या तपासणीने वाहक की रुग्ण हे निश्चित होते. एक पक्ष वाहक ठरला तर दुसऱ्याची हीच पक्की तपासणी करावी. कारण त्याच्याकडे थॅलेसेमियाचा दोष असला तरीही मूल आजारी होऊ शकते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी व २०४७ पर्यंत या रोगाचे निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट सांगितले गेले. पण शासन फार तर कार्ड हाती देईल. ते सोयरिकीच्या बैठकीत बाहेर काढणे शासनाच्या हातचे नाही. ते आपल्या हातचे आहे.

यावर जे आक्षेप येतात ते आम्ही जाणतो. मुलीचे बाप म्हणतात, ‘पोर वाहक निघाली तर तिला कोण करील?’ ही भीती खोटी नाही. आजवर मूल आजारी निघाले की बोल आईसच लागला आहे. तिच्या माहेरचे रक्त वाईट म्हणून तिला परत धाडल्याच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत. त्यांस उत्तर शास्त्रानेच दिले आहे : बापाकडूनही दोष आल्याखेरीज मूल रुग्ण होऊच शकत नाही. एकट्या आईस दोष देणारा घरधनी आपल्याच रक्तातील अर्धा वाटा लपवितो. ज्या समाजात पाचांत एक वाहक आहे, तेथे वाहकास नाकारणे म्हणजे आपलेच भाऊ, आपल्याच बहिणी नाकारणे होय. वाहक मुलीस निर्दोष मुलगा आणि वाहक मुलास निर्दोष मुलगी, एवढे पाहिले की झाले.

याचसाठी आम्ही मंडळास एक सूचना करतो. वधूवर-सूचीच्या अर्जात ‘सिकलसेल चाचणी केली आहे’ एवढीच ओळ असावी. निकाल मात्र सूचीत मुळीच छापू नये. तो ज्याचा त्याचा खाजगी आहे. सोयरिकीची बोलणी पुढे गेली म्हणजे दोन्ही घरच्या वडिलांनी कुंकवाआधी परस्परांस कार्ड दाखवावे, आणि जमले नाही तर कारण चार भिंतींबाहेर नेऊ नये. केवळ मुलीचे कार्ड मागणाऱ्या घरास मंडळाने सूची देऊ नये. आणि ही चाचणी लग्न ठरल्यावर नव्हे, तर मुले शाळेत असतानाच व्हावी. मांडव पडल्यावर कार्ड उघडणे म्हणजे दोन्ही घरांची शोभा करणे होय.

ज्यांची लग्ने होऊन गेली आणि दोघेही वाहक निघाले, त्यांनी खचून जाऊ नये. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीतच गर्भाची तपासणी मोठ्या रुग्णालयांतून होऊ शकते. पुढे काय करावे हा निर्णय त्या पतिपत्नींचा आहे, त्यात समाजाने बोट घालू नये. जे रुग्ण आहेत त्यांच्यासाठीही आज पुष्कळ करता येते. भरपूर पाणी, थंडी व अतिश्रम यांपासून जपणूक, लहानपणी पेनिसिलीन व लसी, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सीयुरिया यांनी वेदनेचे झटके कमी होतात व आयुष्य वाढते. ताप, छातीत दुखणे, धाप किंवा एकाएकी लुळेपणा आल्यास मात्र घरगुती उपायांत घटकाभरही न घालविता दवाखाना गाठावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या रोगाचा अंतर्भाव झालेला आहे; प्रमाणपत्र मिळविण्यास मंडळाच्या तरुणांनी अशा घरांस साह्य करावे. २०२३ साली ब्रिटन व अमेरिका येथे जनुकीय उपचारासही मान्यता मिळाली. त्याचा खर्च आपल्या स्वप्नातही मावणार नाही इतका आहे. म्हणूनच कार्ड पाहण्याचा बिनखर्ची उपाय आपणांस अधिक मोलाचा आहे.

भुमका, पुजारी व दाई यांच्याविषयी एक शब्द. त्यांस बाजूला सारून हे काम व्हावयाचे नाही. गावचा विश्वास त्यांच्यावर आहे. भुमक्याने पूजा करावी आणि त्याच तोंडाने म्हणावे की, आता या लेकराचे रक्त तपासून आणा. त्याने देवाचा मान जातो असे आम्हांस वाटत नाही.

सारांश, आमचे मागणे चार गोष्टींपुरते आहे. प्रत्येक सभासद-कुटुंबाने पुढील मेळाव्यापूर्वी घरातील सर्वांची सिकलसेल चाचणी करावी. गरोदर सुनेस घरातील पहिले व पुरते ताट वाढावे, आणि तिचे शेवटचे दोन महिने रोवणीतून सोडवावे. लग्नाच्या मांडवातून खर्रा हद्दपार करावा. आणि शिकलेल्या प्रत्येक मुलाने आपल्या मूळ गावातील एका तरी घराची, औषधपाण्यापासून वनहक्काच्या कागदापर्यंत, चौकशी ठेवावी. मंडळाने यांपैकी पहिल्या गोष्टीसाठी पुढील मेळाव्यात मांडवाच्या एका बाजूस तपासणीची व्यवस्था करावी. तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यास वेळेवर पत्र दिल्यास ते अशक्य नाही. त्या बाजूस पहिली रांग मंडळाच्या कार्यकारिणीची असावी, म्हणजे मागून येणाऱ्यांचा संकोच आपोआप जाईल.

 सूचीतील प्रत्येक उपवर मुलामुलीस चांगले स्थळ मिळो आणि त्यांच्या घरी सुदृढ लेकरे खेळोत, अशी पेर्सा पेनचरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.

जय सेवा!